अळंबी कुणी खायची? वाउत्लाच्या रात्रीपासून आजच्या दवाखान्यापर्यंत

आपल्याकडे एलएसडी हे नाव कानावर येतं ते बहुतेक गोव्यातल्या हणजूण-वागातोरच्या एखाद्या पार्टीवर छापा पडल्याच्या बातमीतून. त्याच वर्तमानपत्रात महिन्या-दोन महिन्यांनी आतल्या पानावर ‘जादुई अळंबीने नैराश्य पळणार’ असा मथळा दिसतो. आणि मधल्या काळात कुणी काकांनी व्हॉट्सॲपवर पाठवलेलं असतंच, की हे सगळं आपल्या ऋषींना सोमरसामुळे आधीच ठाऊक होतं. तीन ठिकाणी तीन गोष्टी वाचलेला माणूस गोंधळणारच. यातली खरी गोष्ट या तिन्हींपेक्षा गुंतागुंतीची आहे, आणि माझ्या मते जास्त रंजकही.

आधी कशाला काय म्हणायचं ते ठरवून घेऊ. ‘सायकेडेलिक’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या द्रव्यांत चार मुख्य. काही जातींच्या अळंब्यांमधलं सायलोसायबिन, पेयोटे नावाच्या बिनकाट्याच्या बुटक्या निवडुंगातलं मेस्कलिन, ॲमेझॉनच्या जंगलातल्या आयावास्का या काढ्यातलं डीएमटी, आणि स्वित्झर्लंडच्या प्रयोगशाळेत १९३८ साली तयार झालेलं एलएसडी. चौघांचा मेंदूवरचा मुख्य परिणाम एकाच दारातून होतो, त्याबद्दल पुढे बोलू. भांग आणि गांजा या कुटुंबातले नाहीत. अफू, कोकेन तर नाहीच नाही. आणि महाशिवरात्रीला आपण शंकराला वाहतो तो धोतरा हे सरळ विष आहे. धोतऱ्याने माणूस भ्रमिष्ट होतो, ताप चढतो, हृदयाचे ठोके बेसुमार वाढतात, जीवही जातो. ‘नैसर्गिक आहे’ म्हणून त्याला या यादीत बसवणाऱ्यांपासून लांब राहावं.

चारांपैकी मी अळंबीचीच गोष्ट सांगणार आहे, कारण तिचा प्रवास सुरुवातीपासून आजपर्यंत नोंदलेला आहे.

मेक्सिकोच्या दक्षिणेला वाहाका राज्यात मासातेक लोकांचा डोंगराळ मुलूख आहे. तिथलं मोठं गाव वाउत्ला दे हिमेनेस. पावसाळा लागला की तिथल्या ओल्या उतारांवर, दरड कोसळलेल्या मोकळ्या मातीत, कुरणांत लहान लहान अळंब्या उगवतात. मासातेक लोक त्यांच्याबद्दल बोलताना आवाज खाली आणतात. त्यांच्यासाठी ती ‘पवित्र बाळं’ आहेत. हा वापर जुना आहे. सोळाव्या शतकात बेर्नार्दिनो दे साहागुन या फ्रान्सिस्कन पाद्रीने अझ्टेक लोकांबद्दल लिहून ठेवलंय, की मेजवानीत ते मधाबरोबर अळंबी खात. मग कुणी नाचे, कुणी रडे, कुणाला आपलं मरण दिसे. स्पॅनिश पाद्र्यांना यात सैतान दिसला. १६२० मध्ये मेक्सिकोच्या इन्क्विझिशनने, म्हणजे चर्चच्या धर्मन्यायालयाने, पेयोटेवर फर्मान काढून बंदी घातली. इन्क्विझिशन म्हणजे काय हे गोव्याच्या वाचकाला समजावून सांगायला नको. जे विधी उघड्यावर होत होते ते घराच्या आत, रात्रीच्या अंधारात गेले आणि तिथेच तीनशे वर्षं टिकले. टिकताना त्यांनी ख्रिस्ती संतांनाही आपल्यात घेतलं. मासातेक वेदीवर येशूची तसबीर आणि अळंबी शेजारी शेजारी असतात आणि त्यात कुणाला काही विसंगत वाटत नाही.

या रात्रीच्या विधीला ‘वेलादा’ म्हणतात. देऊळ नसतं, गर्दी नसते. घरातलीच माणसं. कोपाल नावाच्या डिंकाचा धूप जळत असतो. अळंब्या जोडीने मोजून दिल्या जातात, एकटी अळंबी कुणी खात नाही. मग मेणबत्ती विझते आणि उपचार करणारी बाई गाऊ लागते. पहाटेपर्यंत गाते, टाळ्या वाजवते, नावं घेते, विचारते, उत्तर देते. आणि हे सगळं कशासाठी? घरात कुणी आजारी आहे, दुखणं कळत नाही, म्हणून. अळंबी बोलते आणि आजाराचं मूळ सांगते, अशी श्रद्धा. त्यामुळे अळंबी मुख्यतः खायची ती उपचार करणाऱ्या बाईने. रोग्याने खाल्ली तर खाल्ली.

हा मुद्दा मराठी वाचकाला पटकन कळावा. जव्हार-मोखाड्याकडे किंवा कोकणात भगताकडे गेलं की अंगात येतं ते भगताच्या. ज्याचं दुखणं आहे तो समोर बसून ऐकतो. वाउत्लात ढोलाऐवजी अळंबी आहे, एवढंच. ‘त्या जगात’ जायचं काम जाणकाराचं, कारण वाट त्याला माहीत असते. आजच्या दवाखान्यात याच्या बरोबर उलट चालतं. तिथे डॉक्टर पूर्ण शुद्धीवर आणि प्रवासाला निघतो तो रोगी. सायकेडेलिक उपचारांबद्दल लिहिताना ‘हजारो वर्षांचं आदिवासी ज्ञान आता विज्ञानाने सिद्ध केलं’ असं जे सर्रास म्हटलं जातं, ते मला इथेच खटकतं. रेणू तोच आहे, पण उपचाराची रचनाच उलटी झालेली आहे.

ती उलटी कशी झाली, हे बघण्यासारखं आहे. गॉर्डन वॉसन हा न्यूयॉर्कच्या जे. पी. मॉर्गन बँकेचा उपाध्यक्ष. त्याची बायको व्हालेंतिना रशियन, लहान मुलांची डॉक्टर. तिला अळंब्यांचं लहानपणापासून प्रेम, त्याला किळस. या फरकाचं मूळ शोधता शोधता दोघांना अळंब्यांच्या लोकपरंपरांचा नादच लागला. १९५५ च्या २९ जूनच्या रात्री वॉसन आणि त्याचा छायाचित्रकार सोबती वाउत्लात मारिया साबिना नावाच्या उपचारकर्तीच्या वेलादात बसले आणि दोघांनीही अळंबी खाल्ली. मारिया साबिनाला स्पॅनिश येत नव्हतं. गावातल्या अधिकाऱ्याने सांगितल्यावर नाही म्हणता येणार नाही असं वाटल्याने आपण होकार दिला, असं तिने पुढे सांगितलं. आणखी एक गोष्ट तिने पुन्हा पुन्हा सांगितली: या परदेशी माणसांना काहीही झालेलं नव्हतं. ते देव शोधायला आले होते. त्यांच्या आधी देव सापडावा म्हणून ‘बाळं’ कुणी घेत नसे. आजारी माणूस उठून बसावा म्हणूनच घेत.

१३ मे १९५७ च्या ‘लाइफ’ या लाखोंनी खपणाऱ्या अमेरिकन साप्ताहिकात वॉसनचा सचित्र लेख आला. त्याने तिचं आणि गावाचं नाव बदललं होतं, पण ते झाकलेलं फार काळ राहिलं नाही. साठच्या दशकात लांब केसांची तरुण मुलं शेकड्यांनी वाउत्लात येऊ लागली. कुठेही, केव्हाही, उपाशीपोटी की भरल्या पोटी याचा विचार न करता अळंब्या खाऊ लागली. १९६९ च्या सुमाराला सरकारने सैनिक पाठवून गावाकडचा रस्ता अडवला. गावकऱ्यांचा राग मारिया साबिनावर निघाला. तिचं घर जाळण्यात आलं, पोलिसांचा ससेमिरा मागे लागला. परके आल्यापासून बाळांचं बळ गेलं, आता ती पूर्वीसारखी उचलून घेत नाहीत, असं ती म्हणे. १९८५ मध्ये ती गेली ती गरिबीतच. आज तिचा चेहरा टी-शर्टवर छापलेला मिळतो.

वॉसनच्या १९५६ च्या फेरीतली एक गंमत सांगितल्याशिवाय राहवत नाही. त्या फेरीत एक रसायनतज्ज्ञ सोबत आला होता आणि त्याने एका संस्थेचं अनुदानही आणलं होतं. तो होता अमेरिकेच्या सीआयएचा माणूस, माणसाच्या मनावर ताबा मिळवणारं औषध शोधायला निघालेला. वॉसनला याचा पत्ता नव्हता. त्या हेराला वेलादात काहीही दिव्य दिसलं नाही. थंडी, खाज आणि जुलाब यांनी हैराण होऊन तो परतला. मन आणि परिस्थिती यांच्यावर अनुभव किती अवलंबून असतो, याचा याहून चांगला दाखला सापडणं कठीण!

विज्ञानाचं गाडं मात्र वेगाने पुढे गेलं. फ्रेंच कवकशास्त्रज्ञ रोजे एम यांनी या अळंब्यांच्या जाती ओळखल्या, पॅरिसला त्या वाढवल्या आणि बाझेलच्या सँडोझ कंपनीत आल्बर्ट हॉफमन यांच्याकडे पाठवल्या. हॉफमन म्हणजे एलएसडी तयार करणारे तेच. प्राण्यांवरच्या चाचण्यांतून काही स्पष्ट होईना, तेव्हा त्यांनी स्वतःच ३२ वाळक्या अळंब्या खाऊन पाहिल्या. १९५८ मध्ये त्यांनी सायलोसायबिन आणि सायलोसिन हे दोन रेणू वेगळे काढले, मग ते प्रयोगशाळेत बनवलेही.

१९६२ मध्ये हॉफमन वॉसनबरोबर वाउत्लाला गेले आणि त्यांनी मारिया साबिनाला सायलोसायबिनच्या गोळ्या दिल्या. सुरुवातीला काहीच होईना. गोळी विरघळून पोटातून रक्तात जायला वेळ लागतो, आणि इकडे अळंबी तोंडात चघळायची सवय. आणखी गोळ्या दिल्या. पहाटे तिने सांगितलं, गोळ्यांमध्ये अळंबीइतकंच बळ आहे. तिला आनंदही झाला, कारण आता पावसाळा नसतानाही उपचार करता येणार होते. हॉफमन यांनी गोळ्यांची बाटली तिला देऊन टाकली. हा प्रसंग नेहमी ‘रसायनशास्त्राचा विजय’ म्हणून सांगतात. मला त्यात दुसरंही दिसतं. गोळी चालली, पण ती तिच्या घरात, तिच्या अंधारात, तिच्या गाण्यात चालली. बदललं होतं फक्त द्रव्याचं रूप.

यानंतरचा भाग अमेरिकेत घडतो. टिमोथी लिअरी या हार्वर्डच्या मानसशास्त्रज्ञाने १९६० मध्ये मेक्सिकोत अळंबी खाल्ली आणि परतून सायलोसायबिनवर प्रयोग सुरू केले. त्यातला सर्वांत गाजलेला प्रयोग वॉल्टर पांके या विद्यार्थ्याचा. २० एप्रिल १९६२, गुड फ्रायडे. बोस्टन विद्यापीठाच्या चॅपलमध्ये धर्मशास्त्राचे २० विद्यार्थी प्रार्थनेला बसले. दहांना सायलोसायबिन आणि दहांना निकोटिनिक ॲसिड, म्हणजे चेहरा लाल करणारं एक जीवनसत्त्व, देण्यात आलं. कुणाला काय मिळालंय हे कुणालाच सांगितलं नव्हतं. सायलोसायबिन घेतलेल्यांपैकी बहुतेकांना धर्मग्रंथांत वर्णन असतं तसा गूढ अनुभव आला. पण गुपित फार तर तासभर टिकलं. थोड्याच वेळात अर्धे जण डोळे मिटून हरवले होते, काही जण उठून भटकत होते, आणि उरलेले अर्धे बाकावर बसून त्यांच्याकडे बघत होते. बऱ्याच वर्षांनी त्यातल्या बहुतेकांना पुन्हा गाठून विचारपूस झाली, ती १९९१ मध्ये प्रसिद्ध झाली. अनुभव अजूनही मोलाचा वाटतो, असं सायलोसायबिन घेतलेल्यांनी सांगितलं. आणि हेही उघड झालं की एक विद्यार्थी इतका अस्वस्थ झाला होता की त्याला शांत करायला इंजेक्शन द्यावं लागलं, आणि मूळ प्रबंधात ते लिहिलेलंच नव्हतं.

गुपित न टिकणं आणि वाईट अनुभव झाकणं, या दोन्ही खोडी लक्षात ठेवा. साठ वर्षांनंतरही त्या सुटलेल्या नाहीत.

लिअरीला १९६३ मध्ये हार्वर्डने काढलं, तो साऱ्या तरुणाईला एलएसडी घ्यायला सांगत सुटला. १९७० मध्ये अमेरिकेने ही द्रव्यं सर्वांत कडक यादीत टाकली आणि १९७१ च्या संयुक्त राष्ट्रांच्या करारामुळे बहुतेक जगाने तेच केलं. पुढची दोन-तीन दशकं संशोधन जवळपास ठप्प राहिलं.

मधल्या काळात धर्माच्या वाटेने काय झालं, तेही थोडक्यात. उत्तर अमेरिकेतल्या मूळ रहिवाशांनी पेयोटेभोवती उभारलेलं नेटिव्ह अमेरिकन चर्च १९१८ मध्ये ओक्लाहोमात रीतसर नोंदवलं गेलं. १९९० मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला, की धार्मिक विधीत पेयोटे घेतलं म्हणून नोकरी गेलेल्यांना बेकारी भत्ता नाकारणं घटनेविरुद्ध नाही. (ते दोघे नोकरी करत होते व्यसनमुक्ती केंद्रात, हा त्यातला आणखी एक पदर.) यावर इतका गदारोळ झाला की १९९४ मध्ये संसदेने कायदा करून मूळ रहिवाशांच्या पेयोटे विधीला संरक्षण दिलं. ब्राझीलमध्ये जन्मलेल्या उनियाओ दो व्हेजेतालसारख्या पंथांनी आयावास्काला ख्रिस्ती प्रार्थनेत बसवलं, आणि २००६ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने त्यांचा हक्क एकमताने मान्य केला. आयावास्का हे रसायनशास्त्राच्या दृष्टीनेही नवल आहे. डीएमटी नुसतं पोटात गेलं तर आपलं शरीर ते लगेच मोडून टाकतं. म्हणून डीएमटीची पानं एका वेलीबरोबर उकळतात; त्या वेलीत डीएमटी मोडणाऱ्या विकराला (एन्झाइमला) थोपवणारी द्रव्यं असतात. हजारो वनस्पतींच्या जंगलात ही जोडी नेमकी कशी जमली, याचं कौतुक करावं तेवढं थोडं.

आता दवाखान्यात येऊ. २००६ मध्ये जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात रोलंड ग्रिफिथ्स यांनी ३६ निरोगी स्वयंसेवकांवरचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यातल्या सुमारे दोन-तृतीयांश लोकांनी तो अनुभव आयुष्यातल्या पाच सर्वांत अर्थपूर्ण अनुभवांत गणला. जवळपास तीस टक्क्यांना त्या बैठकीत केव्हा ना केव्हा जबरदस्त भीतीही वाटली. इथून संशोधनाचा दुसरा डाव सुरू झाला. २०१६ मध्ये हॉपकिन्समध्ये ५१ आणि न्यूयॉर्क विद्यापीठात २९ कर्करुग्णांवरचे प्रयोग प्रसिद्ध झाले. मरणाच्या धास्तीने खचलेल्या या लोकांना एका मोठ्या डोसनंतर अनेक महिने दिलासा टिकला. हॉपकिन्समध्ये सहा महिन्यांनीही साधारण ८० टक्के लोकांत चांगली सुधारणा होती. ग्रिफिथ्स स्वतः २०२३ मध्ये आतड्याच्या कर्करोगाने गेले.

उपचाराची खोली कशी असते? दिवाणखान्यासारखी. पलंग किंवा सोफा, डोळ्यांवर पट्टी, कानात निवडून ठेवलेलं संगीत, बाजूला दोन प्रशिक्षित माणसं. साधारण २५ मिलिग्रॅमची कॅप्सूल. परिणाम पाच-सहा तास. आधी काही बैठका तयारीच्या, नंतर काही बैठका त्या अनुभवाचं काय करायचं याच्या. रोज घ्यायची गोळी नव्हे, एक-दोनदा घ्यायची. मनःस्थिती आणि परिस्थिती सांभाळली नाही तर हाच रेणू माणसाला नरक दाखवू शकतो, हे सगळे संशोधक मान्य करतात.

शरीरात काय होतं ते तुलनेने स्पष्ट आहे. सायलोसायबिनवर शरीरातली विकरं काम करतात, त्याचा फॉस्फेटचा तुकडा निघतो आणि सायलोसिन उरतं. हे सायलोसिन मेंदूतल्या सेरोटोनिन या संदेशवाहकासारखंच दिसतं आणि सेरोटोनिनच्या ‘२ए’ नावाच्या ग्राहीवर, म्हणजे पेशीवरच्या संदेश टिपणाऱ्या जागेवर, जाऊन बसतं. सुरुवातीला म्हटलेलं ते एकच दार हेच. १९९८ मध्ये झुरिकमध्ये फ्रान्झ फोलेनवायडर यांच्या गटाने हे ग्राही आधी दुसऱ्या औषधाने अडवून ठेवले, तर सायलोसायबिनचे भास झालेच नाहीत. पुढची पायरी थोडी अवघड. आपण काही करत नसताना, ‘माझं काय होणार, मी असा का’ असं मनात घोळवत असताना मेंदूचे काही भाग एकत्र काम करतात. या जाळ्याला डिफॉल्ट मोड नेटवर्क म्हणतात. सायलोसायबिनच्या प्रभावाखाली त्याचा ताल बिघडतो. २०२४ मध्ये ‘नेचर’मध्ये आलेल्या अभ्यासात सात जणांच्या मेंदूंची पुन्हा पुन्हा छायाचित्रं काढली, हे जाळं आणि स्मृतीशी संबंधित हिप्पोकॅम्पस यांच्यातला दुवा काही आठवडे सैल राहिल्याचं दिसलं. त्याच त्या विचारांच्या भोवऱ्यात अडकलेल्या माणसाला यामुळे बाहेर पडायला वाव मिळत असेल, असा तर्क आहे. आकर्षक तर्क आहे. पण सात माणसांच्या रंगीत चित्रांवरून नैराश्य कसं बरं होतं ते कळलं, असं म्हणणं घाईचं.

रोग्यांवरच्या मोठ्या चाचण्यांचे आकडे मथळ्यांपेक्षा थंड आहेत. २०२१ मध्ये लंडनच्या इम्पीरियल कॉलेजात ५९ नैराश्यग्रस्तांवर सायलोसायबिन आणि एसिटालोप्राम ही नेहमीची गोळी यांची तुलना प्रसिद्ध झाली. आधी ठरवलेल्या मुख्य मोजपट्टीवर दोघांत ठोस फरक निघाला नाही. २०२२ मध्ये इतर औषधांना दाद न देणारं नैराश्य असलेल्या २३३ लोकांवरच्या, कॉम्पास पाथवेज या कंपनीच्या चाचणीचे निकाल आले. २५ मिलिग्रॅम घेतलेल्यांपैकी ३७ टक्क्यांना तीन आठवड्यांनी स्पष्ट फायदा झाला, १ मिलिग्रॅमवाल्यांपैकी १८ टक्क्यांना. बारा आठवडे टिकून राहिलेला फायदा मात्र २५ मिलिग्रॅमवाल्यांतही २० टक्क्यांनाच. काहींच्या मनात आत्महत्येचे विचार आले, याचीही नोंद आहे. २०२५ च्या जूनमध्ये त्याच कंपनीने तिसऱ्या टप्प्याच्या चाचणीचे पहिले निकाल जाहीर केले: २५८ रुग्ण, सहा आठवड्यांनी साठ गुणांच्या मोजपट्टीवर प्लासिबोपेक्षा, म्हणजे खोट्या औषधापेक्षा, ३.६ गुणांचा फायदा. बऱ्याच उपचारांनी हात टेकलेल्या माणसाला तो फरक मोलाचा असू शकतो. चमत्कार मात्र नाही.

आणि बोस्टनच्या चॅपलमधली ती पहिली खोड इथेही आहे. औषधाची चाचणी घेताना अर्ध्यांना खरं, अर्ध्यांना खोटं औषध देतात आणि कुणाला काय मिळालं हे लपवतात, म्हणजे नुसत्या आशेने वाटणारा गुण वजा करता येतो. पण ज्याच्या डोळ्यांसमोर भिंती वितळू लागल्या त्याला काय मिळालंय हे सांगायला नको. ज्याला काहीच झालं नाही तो निराश होतो आणि त्याचे गुण आणखी खालावतात. दोन्ही बाजूंनी फरक फुगतो. ऑगस्ट २०२४ मध्ये एमडीएमए या वेगळ्या प्रकारच्या द्रव्याला आघातानंतरच्या मानसिक विकारासाठी मान्यता द्यायला अमेरिकेच्या औषध प्रशासनाने नकार दिला. आधी सल्लागार समितीने जी टीका केली होती तिच्यात हे गुपित न टिकणं ठळक होतं. दुसरी खोडही उघडी पडली: एका चाचणीत उपचारकांनीच रुग्ण स्त्रीशी गैरवर्तन केलं होतं, आणि त्याच महिन्यात एका नियतकालिकाने या संशोधनाचे तीन निबंध मागे घेतले. या अवस्थेत माणूस किती उघडा, किती विश्वास टाकणारा होतो याचा विचार केला तर हा धोका कडेला ठेवण्यासारखा नाही. वाउत्लात उपचार करणारी बाई आख्ख्या गावाला माहीत असते आणि आजूबाजूला घरची माणसं बसलेली असतात. बंद खोलीत दोन अनोळखी माणसांच्या स्वाधीन व्हायचं, तर गावाची जागा कुणीतरी घ्यायला हवी, आणि ती अजून पुरती कुणी घेतलेली नाही.

प्लासिबोचा हा पेच मासातेक बाईला कदाचित पेच वाटणारच नाही. गाणं, धूप, अंधार, नातेवाईक आणि अळंबी यांतलं नेमकं गुण कशाने आला, हे वेगळं काढायची तिला गरज नसते. आधुनिक औषधशास्त्राला ती असते, कारण परवाना गोळीला द्यायचा असतो, गाण्याला नाही. आणि पेटंटही गोळीचंच निघतं.

पेटंटवरून आपल्याला हळद आठवते. जखमेवर हळद लावण्याचं पेटंट १९९५ मध्ये अमेरिकेत दिलं गेलं, आणि रघुनाथ माशेलकर महासंचालक असताना सीएसआयआर या सरकारी संशोधन संस्थेने जुन्या ग्रंथांचे पुरावे देऊन ते १९९७ मध्ये रद्द करायला लावलं. सायलोसायबिनच्या बाबतीत गुंता वेगळा आहे. मूळ रेणू हॉफमन यांनी १९५८ मध्येच जगासमोर मांडल्याने त्यावर आता कुणाला मालकी सांगता येत नाही. म्हणून कंपन्या त्याच्या विशिष्ट स्फटिकरूपाचं पेटंट घेतात. त्याविरुद्ध जुन्या ग्रंथाचा पुरावा देऊन काय उपयोग? मासातेक लोकांनी स्फटिक कधी बनवलाच नव्हता. त्यांनी दिलं ते ज्ञान, की ही अळंबी आहे, ती अशी वापरतात. त्याची किंमत कोणत्याही कराराने ठरवलेली नाही, आणि वाउत्लाला आजवर त्यातून काही मिळालेलं नाही. पेयोटेचं तर आणखी अवघड. तो निवडुंग वाढायला दहा-दहा वर्षं घेतो, टेक्सासच्या दक्षिणेत तो कमी होत चाललाय. अमेरिकेतल्या शहरांमध्ये ‘सगळ्या नैसर्गिक सायकेडेलिक्सवरची बंदी उठवा’ अशी चळवळ सुरू झाली, तेव्हा नेटिव्ह अमेरिकन चर्चच्या लोकांनीच विनंती केली: आमचं पेयोटे तुमच्या यादीतून वगळा.

राहिला सोमरस. ऋग्वेदाचं नववं मंडल जवळजवळ सगळं सोमाला वाहिलेलं आहे. पण ती वनस्पती कोणती, यावर एकमत नाही. १९६८ मध्ये याच वॉसनने मांडलं की सोम म्हणजे लाल टोपीवर पांढरे ठिपके असलेली अमानिता मस्कारिया ही अळंबी. कल्पना गाजली, पण बहुतेक वेदाभ्यासकांना पटली नाही. पुण्याचे चिं. ग. काशीकर यांच्यासारख्या श्रौतविद्येच्या, म्हणजे वैदिक यज्ञविधींच्या, जाणकाराने इफेड्रा या झुडपाच्या बाजूने मत दिलं. इफेड्रा जागं ठेवते, तरतरी आणते. ती सायकेडेलिक नाही. वॉसनची लाल अळंबीही या चौघांतली नाही. ती मेंदूच्या वेगळ्याच ग्राहींवर काम करते आणि विषारी आहे. शतपथ ब्राह्मणात सोम न मिळाल्यास त्याऐवजी काय वापरावं याचे पर्याय दिलेले आहेत, म्हणजे तेव्हाच तो दुर्मिळ झाला होता. तेव्हा काकांच्या संदेशाला उत्तर एवढंच, की अजून ठरलेलं नाही.

भारतातला कायदा स्पष्ट आहे. १९८५ च्या एनडीपीएस या अमली पदार्थविरोधी कायद्याखाली एलएसडी, सायलोसायबिन, मेस्कलिन, डीएमटी ही सगळी द्रव्यं बंदी असलेल्या यादीत आहेत. एलएसडीचं ‘व्यावसायिक प्रमाण’ फक्त ०.१ ग्रॅम आहे, त्यापुढे किमान दहा वर्षांची शिक्षा. जानेवारी २०२५ मध्ये केरळ उच्च न्यायालयाने एका जामीनअर्जावर म्हटलं, की अळंबी ही निसर्गतः उगवणारी वस्तू आहे, मिश्रण नव्हे, त्यामुळे अख्ख्या अळंबीचं वजन सायलोसायबिनचं वजन म्हणून धरता येणार नाही. काही संकेतस्थळांनी याचा अर्थ ‘अळंबी कायदेशीर झाली’ असा लावला. तसं झालेलं नाही. प्रश्न वजन कसं मोजायचं एवढाच होता. ऑस्ट्रेलियात मात्र जुलै २०२३ पासून ठरावीक मानसोपचारतज्ज्ञांना इतर उपचारांना दाद न देणाऱ्या नैराश्यासाठी सायलोसायबिन देता येतं. दोन प्रशिक्षित माणसं एका रुग्णापाशी दिवसभर बसवायची, तर खर्च किती होत असेल याचा अंदाज करता येईल. आपल्याकडे लाख लोकांमागे एक मानसोपचारतज्ज्ञही धड नाही.

हे वाचून कुणाला स्वतःसाठी किंवा घरातल्या कुणासाठी विचार करावासा वाटला, तर काही व्यवहाराच्या गोष्टी. स्वतःला किंवा जवळच्या नात्यात कुणाला स्किझोफ्रेनिया वा बायपोलर विकार असेल, तर अशा लोकांना या चाचण्यांत मुळात घेतच नाहीत, कारण दबलेला आजार उसळू शकतो. लिथियम चालू असताना ही द्रव्यं घेतल्यास फिट्स येण्याचा धोका आहे. नैराश्याच्या चालू गोळ्या मनानेच बंद करणं तर अनेकदा मूळ दुखण्यापेक्षा घातक ठरतं. रानातली अळंबी नुसती बघून ओळखता येत नाही. खाण्याची अळमी वर्षानुवर्षं गोळा करणारे लोकही चुकतात, आणि चुकीच्या अळंबीने यकृत निकामी होतं. औषधांना दाद न देणाऱ्या नैराश्यासाठी भारतात कायद्यात बसणारे पर्याय आहेत: औषध बदलणं किंवा जोडणं, समुपदेशन, ईसीटी (भूल देऊन मेंदूला विजेचे नियंत्रित झटके देण्याचा उपचार), आणि काही ठिकाणी मानसोपचारतज्ज्ञांच्या देखरेखीखाली दिलं जाणारं केटामिन हे भुलीचं औषध, जे सायलोसायबिनपेक्षा वेगळ्या मार्गाने काम करतं. कुणाशी बोलायचं हे सुचत नसेल तर सरकारच्या टेली-मानस सेवेचा १४४१६ हा क्रमांक चोवीस तास चालू असतो, फोन फुकट आहे आणि मराठीत बोलता येतं.